भाताखालची वाट

आमच्याकडे गावाबद्दल लिहायला बसलेला माणूस लिहीत नाही, सत्कार करतो. ‘डोंगरांच्या कुशीत वसलेलं निसर्गरम्य गाव’ इथून तो सुरू होतो आणि देवळाच्या सभामंडपाला फरशी कोणी दिली तिथं संपतो. मधे गाव कुठंच नसतं. प्लॉट विकणाऱ्या एजंटांच्या कागदावरही हेच वाक्य असतं, फक्त त्याखाली मोबाईल नंबर असतो. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि ‘माझे गाव’ या निबंधात असलं लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापले. दया केली नाही. त्यातली काही पोरं आज एजंट आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. उद्घाटनाला एक पुस्तिका काढायची ठरली. आमचं गाव रिह्याच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगाला. सरपंच बाई आहेत, पण माझ्या घरी आले ते त्यांचे मालक. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, “गुर्जी, गावाची माहिती लिवून द्या. चांगलं चांगलं लिवा.”

“खरं लिहीन,” मी म्हणालो.

“व्हय, खरंच लिवा की. पन चांगलं.”

मी श्रावण-भादव्यात दीड महिना वही घेऊन गाव फिरलो. ज्या आळीत मी वर्षानुवर्षं गेलो नव्हतो तिथंही गेलो. निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की त्याच्या अंगात बळ येतं, आणि मला तर खरं लिहायचं काम मिळालं होतं. त्या दीड महिन्यात मी फार खूष होतो, हे आता लिहायलाही लाज वाटते.

मी लिहिलं की शनिवारी दुपारपासून कासार आंबोलीच्या बाजूनं गाड्या यायला लागतात आणि सोमवारी सकाळी ओढ्यात कागदी ताटल्या तरंगतात. त्याच्याच पुढे मी लिहिलं की ओढ्यात मेलेली जनावरं आम्हीही टाकत होतो, तेव्हा बाहेरच्यांना नावं ठेवताना जरा दम धरावा. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांतले कितीतरी जण त्याच जमिनीवर टोपी घालून वॉचमन आहेत आणि मालकाची गाडी आली की सलाम ठोकतात, हेही लिहिलं. हिंजवडीत कामाला जाणारी माणसं इथं झाडं लावतात, जिथं झाडं आम्ही तोडली होती. शाळा चालू राहिली ती बांधकामावरच्या मजुरांच्या हिंदी बोलणाऱ्या पोरांमुळे. आमची पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात आणि घरी येऊन आजीशी तुटकं बोलतात. ज्या विहिरीवर गावानं कधी कोणाला पाणी नाकारलं नाही असं आम्ही भाषणात सांगतो, त्या विहिरीवर कोणाला पाणी मिळत नव्हतं तेही मी लिहिलं. आता त्याच विहिरीतून टँकर भरतात आणि पैसे देईल त्याला पाणी मिळतं. एवढी समता आम्हाला दुसऱ्या कशानं आली नाही.

पुस्तिका निघाली आणि लोक चिडले. सरपंचबाईंचे मालक महिनाभर मला बघून रस्ता बदलत होते. देवळात एकानं मला ऐकवलं की गावानं गुर्जींना खाऊ घातलं आणि गुर्जींनी गावाची अब्रू काढली. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. माणसं चिडली म्हणजे आपण खरं लिहिलं, असा माझा समज होता. तो समज मी आयुष्यभर सांभाळला आणि त्यावर बरीच माणसं तोडली.

त्या पुस्तिकेत अकराव्या पानावर एक वाक्य होतं: ‘ओढ्याकाठच्या खाचरांना पावसाळ्यात वाट नाही, माणसे बांधावरून ये-जा करतात.’ या वाक्यावर कोणीच चिडलं नाही. त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं.

भाताच्या मुलखाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे आतल्या खाचरांना जायची गाडीवाट ही बाहेरच्या खाचरांमधून जाते. उन्हाळ्यात ती लख्ख दिसते, बैलगाडी जाते, आता ट्रॅक्टर जातो. आषाढात पाणी भरलं की ज्याचं खाचर तो वाटेसकट चिखलणी करतो आणि वाटेवरही भात लावतो. चार महिने वाट भाताखाली जाते. कोणी हरकत घेत नाही, कारण त्या चार महिन्यांत गाडी न्यायचीच नसते. माणूस बांधावरून जातो. फक्त एक रिवाज आहे. वाटेच्या पट्ट्यावर हळवं भात लावायचं, म्हणजे लवकर पिकणारं. ते आधी पिकतं, आधी कापतात आणि आतल्या माणसाचं भात तयार होईपर्यंत त्याची वाट मोकळी होते. आश्विनात टेकडीवर उभं राहिलं तर हिरव्या खाचरांतून पिवळा पट्टा गेलेला दिसतो. ती वाट. आमच्यातलं लहान पोरही ती दाखवील. कुठल्याही नकाशावर ती नाही, उताऱ्यावर नाही, आणि कोणाच्या बापानं ती कुठं लिहून ठेवलेली नाही. घराला दार आहे असं कोणी लिहितं का?

म्हणून मीही लिहिलं नाही की दिवाळीनंतर वाट मोकळी होते. पावसाळ्यात फिरलो, पावसाळ्यात जे दिसलं ते लिहिलं. हे कारण मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण तेवढंच कारण नव्हतं.

कारण ती वाट माझ्याच खाचरातून जात होती, आणि ते खाचर मी आदल्या वर्षी विकलं होतं.

विकायची गरज होती असं मी म्हणणार नाही. मुलाला हिंजवडीजवळ फ्लॅट घ्यायचा होता, आणि बापानं जमीन धरून ठेवलीय म्हणून तो सणाला आला की तोंड पाडून बसायचा. मी विकलं. घेणारा माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणतो. मूळचा लातूरकडचा, हिंजवडीत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या वडिलांची बांधावरून भावकीत भांडणं झालेली, त्यामुळे कागदाबद्दल फार काटेकोर. मला पहिल्या दिवसापासून सर म्हणायचा. खरेदीखतात त्यानं एक वाक्य मुद्दाम घालून घेतलं की या मिळकतीतून कोणाचीही वहिवाट नाही. मला वाचून दाखवलं आणि म्हणाला, “सर, हे बरोबर आहे ना? माझ्या वडिलांचं आयुष्य यातच गेलं, म्हणून विचारतो.”

श्रावण होता. वाटेवर माझंच हळवं भात गुडघाभर उभं होतं. मी म्हणालो, “बरोबर आहे.” वाट आहे म्हटलं असतं तर तो गेला असता, किंवा भाव पाडला असता. पण तेव्हा मनात मी असं म्हटलं की आत्ता या घडीला तिथं वाट नाहीच. मास्तर माणूस स्वतःशी खोटं बोलताना व्याकरण चुकत नाही.

त्या वाटेनं पुढे जायचं ते माझ्या वहिनीला. माझ्या चुलतभावाची ही बायको. तो जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही. ओढ्याला लागून तिची दोन खाचरं, आणि तिच्या नावावर जगात तेवढंच. स्वभावानं तिखट. पाहुणा जेवायला बसला तर वाढताना त्याच्या बायकोचं उणं काढील. गावात तिचं कोणाशी पटत नव्हतं, माझ्याशी पटायचं, कारण दोघांनाही तोंडावर बोलायची खोड. मला ती भावजी म्हणायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, “तुज्या नवऱ्याला देवानं जीभ दिली, हाडं द्यायचा इसरला.” ते खरं होतं, पण तेव्हा मी हसलो होतो.

माझं खाचर घेणाऱ्या त्या साहेबानं पहिलं वर्ष बांधकाम काढलं नाही. “सर, तोवर तुम्हीच पिकवा,” म्हणाला. मी पिकवलं, वाटेवरचं हळवं आधी कापलं, वहिनीचा ट्रॅक्टर गेला-आला. मला वाटलं, असंच चालेल. दुसऱ्या वर्षीही मी लावणी केली, आणि मधेच पुस्तिका निघाली. दिवाळी झाली, भात निघालं, आणि पंधरा दिवसांत चारी बाजूंनी सिमेंटची भिंत उभी राहिली. पुढच्या बाजूला फाटक, ओढ्याच्या बाजूला नुसती भिंत, दार नाही.

वहिनीचं भात भिंतीपलीकडे ओढ्याकाठी उभं होतं. ती फाटकाशी गेली. साहेब त्या दिवशी आलेला होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. म्हणाला, “मावशी, या वर्षी मी ओढ्याकडची भिंत थोडी पाडून तुमचा माल काढून देतो. पण कायमचं नाही जमणार. मी कागद बघून जागा घेतलीय.” आणि त्यानं खरोखर मजूर लावून भिंत पाडली, माल जाऊ दिला आणि पुन्हा बांधली. आपल्यातल्या किती जणांनी हे केलं असतं, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतो. उत्तर मला माहीत आहे.

वहिनी माझ्याकडे आली. ओट्याच्या पायरीवर बसली. “भावजी, त्याला वाट ठावं न्हाई. तुमी सांगा.”

मी म्हणालो, “आता कायद्यानंच व्हायला हवं. कचेरीत अर्ज कर. मी लिहून देतो.”

अर्ज मीच लिहिला. सुंदर अक्षरात, मुद्देसूद, एकही चूक नाही. साहेबाला तोंडानं दोन वाक्यं सांगायची हिंमत नव्हती म्हणून तीन पानी अर्ज लिहिला.

चैत्रात तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. वहिनी लग्नात नेसायचं लुगडं नेसून आली. सहा आसनी रिक्षात माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर डबा धरला. माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. वाटेत प्रत्येक बसणाऱ्याला सांगत होती, “आमचं भावजी साक्षीला हायेत. मास्तर हायेत. त्ये सांगत्याल.” मी बाहेर बघत होतो.

तिचा आणखी एक साक्षीदार होता. पेठेतला हार्डवेअरचा दुकानदार. मुसलमान, त्याचा आजा इथं आला. बोलणं आमच्याहून गावठी. बाप भाताचा व्यापार करायचा. साहेबाच्या भिंतीचं सिमेंट आणि फाटकाचं लोखंड याच्याच दुकानातून गेलं होतं, आणि पुढचं सगळं बांधकामाचं सामानही जायचं होतं. तरी तो आला.

तो उभा राहिला आणि म्हणाला, “माजा बा गाडी घिऊन त्या वाटेनं भात आनायचा. मी गाडीत बसून जायाचो. वाट हाय.”

साहेबाचा वकील पुण्याचा, तरुण, आवाज मऊ. त्यानं विचारलं, “कुठल्या महिन्यात जायचात?”

“दिवाळी झाली की. पार उनाळ्यापत्तोर.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात तितं भात आसतं.”

“रस्त्यावर भात असतं?”

“व्हय. आमच्याकडं आसतंच.”

खोलीत दोन-तीन जण हसले. समोरचे अधिकारी हसले नाहीत. ते कोरड्या मुलखातले असावेत. त्यांनी पेन खाली ठेवून दोनदा विचारलं की रस्ता नांगरला जातो की नाही. दुकानदार म्हणाला, जातो. त्यांनी लिहून घेतलं. माणूस समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याला फक्त कोणीतरी शांतपणे नीट समजावून द्यायला हवं होतं. मुलांना समजावून द्यायचं, एवढंच काम मी जन्मभर केलं होतं.

मग मला बोलावलं. वकिलानं पिशवीतून आमची पुस्तिका काढली. अकरावं पान. वाक्य मोठ्यानं वाचलं. वाचायची पद्धत चांगली होती.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“खरं लिहिलंय?”

“हो.”

“गावात लोक तुमच्यावर रागावले होते म्हणे, इतकं खरं लिहिलं म्हणून?”

मी हो म्हणालो. त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. हे मी लपवणार नाही.

मग त्यानं खरेदीखत काढलं. “ही सही तुमची? कोणाचीही वहिवाट नाही, हे विधान खरं की खोटं?”

खोटं म्हटलं असतं तर मी त्या साहेबाला फसवलं असं कचेरीत नोंदलं गेलं असतं. तो समोर बसला होता, माझ्याकडे आदरानं बघत. मुलाचा फ्लॅट, त्याचे हप्ते, गावात माझं नाव, सगळं डोळ्यांपुढे आलं. वहिनी भिंतीशी उभी होती, डबा दोन्ही हातांत. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला काळजीच नव्हती.

“खरं,” मी म्हणालो.

वकील बसला. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “गुरुजी, तुम्हाला या वाटेबद्दल आणखी काही सांगायचंय का? सविस्तर सांगा, वेळ आहे.”

असं कोणी कचेरीत विचारत नाही. त्यांनी विचारलं. हळव्या भाताचं सांगायला मला दोन मिनिटं पुरली असती.

मी म्हणालो, “नाही.”

अर्ज फेटाळला गेला. साहेब लोकांनी पैसे चारले, असं गावात अजून बोलतात. कोणी कोणाला काही चारलं नव्हतं. निकाल पुराव्यानं झाला आणि पुरावा मी होतो.

परत येताना वहिनी माझ्याबरोबर रिक्षात बसली नाही. दुकानदारानं तिला आपल्या टेंपोत बसवून आणलं. माझा डबा तिच्याकडेच राहिला. घरी आलो तर बायकोनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, “खरं बोललात ना? मग जेवा.” आणि ताट पुढे सरकवून आत गेली.

त्या दिवसानंतर वहिनीनं मला भावजी म्हटलं नाही. गुर्जी म्हणायला लागली, सगळ्या गावासारखं. भांडली असती तर मी भांडलो असतो. मला ते जमतं. ती भांडली नाही. उलट पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, कोणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर ती म्हणायची, “गुर्जी खोटं बोलत न्हाईत. लिवलंय त्येंनी.” हे मला लोक येऊन सांगायचे. काही जण चांगल्या मनानं सांगायचे.

पुढच्या दिवाळीनंतर तिनं दोन खाचरांचं भात डोक्यावरून काढलं. मजूर बाया बांधावरून भारे न्यायला दुप्पट मजुरी मागत होत्या. गावातल्या बायांनीही पैसा सोडला नाही, हेही लिहिलं पाहिजे. मग तिनं एकटीनं काढलं. वीतभर रुंदीचा बांध, एका बाजूला सिमेंटची भिंत, दुसरीकडे ओलं खाचर. ती तिरकी चालायची, भारा भिंतीला घासू नये म्हणून. मी टेकडीवर फिरायला जातो तिथून दिसायचं. पाचव्या दिवशी ती पडली, खाचरात. पाय मुरगळला. बांधावरून जाणाऱ्या दोघा पोरांनी मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि मग तिला उचललं. मी खाली उतरलो नाही. उतरून काय बोलणार होतो, ते अजून मला सुचलेलं नाही.

उरलेलं भात तिथंच झडलं. डुकरांनी खाल्लं.

फाल्गुनात तिनं खाचरं साहेबाला विकली. दुसरं गिऱ्हाईक येणार कुठून? वाट नसलेली जमीन शेजाऱ्याशिवाय कोण घेतो? तरी साहेबानं नाडलं नाही, भाव बरा दिला असं म्हणतात. त्यानं तिला आणखी एक गोष्ट दिली आणि ती तिनं घेतली. तो शनिवार-रविवारी पाहुण्यांना शेतावर आणणार होता, शहरातल्या पोरांना भात लावायला शिकवायचं. त्यासाठी त्याला जाणतं माणूस हवं होतं. वहिनी त्याच्याकडे कामाला राहिली. फाटकातून आत जायला तिला आता कोणाची परवानगी लागत नाही.

वैशाखात साहेबानं बंगल्यापासून ओढ्याकडच्या खाचरांपर्यंत ब्लॉक बसवलेला रस्ता केला. पाहुण्यांचे बूट खराब होऊ नयेत म्हणून.

आणि या आषाढात त्यानं मला बोलावलं. “सर, पहिली लावणी आहे. ऑफिसमधले लोक येतायत, फॅमिली घेऊन. तुम्ही त्यांना भाताबद्दल थोडं सांगा ना.” मला नाही म्हणता आलं असतं. मी गेलो, कारण कोणी काही सांगा म्हटलं की मला राहवत नाही.

पंचवीस-तीस माणसं होती. गुडघ्यापर्यंत विजारी दुमडलेली, हसरी, चिखलाला घाबरणारी माणसं. पोरं ओरडत होती. वहिनी वाकून रोपं लावत होती आणि तिच्या मागे ती मंडळी वाकडीतिकडी लावत येत होती. ती मागे जाऊन त्यांचं सगळं उपटून पुन्हा लावत होती. मी बांधावर उभा राहून आवणी, चिखलणी, हळवं भात, उशिरा पिकणारं गरवं भात असं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. एक बाई टिपणं घेत होती.

माझं झाल्यावर साहेब जवळ आला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो म्हणाला, “सर, एक विचारायचं राहिलं. हा रस्ता करताना कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता, बाकी सगळीकडे माती भुसभुशीत आहे, पण या पट्ट्यात खाली जमीन दगडासारखी टणक लागली. अगदी सरळ, गाडीच्या रुंदीची. त्याला खोदावंच लागलं नाही. इथं पूर्वी काही होतं का?”

पाहुणेही ऐकायला थांबले. आता कचेरी नव्हती, वकील नव्हता. खाचरं विकली गेली होती. मी काहीही बोललो तरी कोणाचं काही जाणार नव्हतं. एवढं सोपं करून मला कोणी कधीच काही विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

माझ्याआधी वहिनी बोलली. ती कंबरेतून वर झाली नाही, रोपं लावतच राहिली. “न्हाई सायेब,” ती म्हणाली, “हितं वाट नव्हती. गुर्जींनी लिवलंय पुस्तकात. गुर्जी खोटं लिवत न्हाईत.”

साहेबानं माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो, आणि पाहुण्यांना हळव्या भाताचं पुढचं सांगायला लागलो.